नेहमीच्या गाण्यांच्या बाहेरचं काही लावलं की पाच मिनिटांत मन उठून जाते, पकडायचं कुठं?

मानेवाडा_ते_बुटीबोरी

नमस्कार मंडळी. वय ४३, राहतो नागपुरात मानेवाड्याला, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. कंपनीची बस सकाळी चौकातून घेते, जाऊन-येऊन रोजचे दोन तास कानात हेडफोन असतो, म्हणजे ऐकायला वेळ भरपूर आहे. पण गेली वीस वर्षं मी ऐकून काय राहिलो तर तेच ते. ऐंशी-नव्वदची हिंदी गाणी, बाबांमुळे लागलेली नाट्यगीतं, आषाढीच्या टायमाला अभंग, संपलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच मला त्याचा शेवट ऐकू येते अशी स्थिती आहे.

आता विचारायचं कारण सांगतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला मदुराईचा एक पोरगा जॉईन झाला, बसमध्ये माझ्याच शेजारी बसते. एक दिवस त्यानं स्वतःचा एक इअरफोन मला दिला, म्हणे सर हे ऐका, माझी आई रोज सकाळी घरी हेच लावते. कर्नाटकी गायन होतं. मी दोन मिनिटं ऐकलं आणि पटकन बोलून गेलो की हे सगळं सारखंच वाटते रे, नुसते स्वर हलवत राहतात. तो हसला, इअरफोन परत घेतला, आणि त्या दिवसानंतर त्यानं मला काहीच ऐकवलं नाही. मला हे फार लागलं. माझ्या बाबांच्या नाट्यगीतांबद्दल कोणी असं बोललं असतं तर मी दिवसभर जेवलो नसतो.

म्हणून मी मनापासून प्रयत्न करून राहिलो. रविवारी दुपारी दार लावून एक पूर्ण कचेरी लावली (ते लोक मैफलीला कचेरी म्हणतात हेही तेव्हाच कळलं), आठव्या मिनिटाला हातात मोबाईल होता. मग एका यादीतून जॅझ लावून पाहिलं, तिथं प्रत्येक जण आपापलं वेगळंच वाजवून राहिला असं वाटलं. वाईट वाटते असंही नाही, काही वाटतच नाही, कोरं राहते मन. तर मला याद्या नका देऊ प्लीज, याद्या खूप आहेत. तुमचा कान एखाद्या अनोळखी गाण्याला कसा उघडला, तुम्ही नेमकं काय धरलं, ते सांगा न.

---

तिरकिट_महाल

भाऊ, तुमचं "सारखंच वाटते" हे अगदी खरं वाटणं आहे आणि त्याला कारण आहे. मी महालात पोरांना तबला शिकवतो, अठरा वर्षं झाली, तर माझ्या बाजूनं सांगतो.

आपल्याकडं गाण्यात तबला ठेका धरून ठेवतो. धा धिं धिं धा सुरू झालं की आपल्याला न मोजता कळते आपण कुठं आहोत, खाली (तालातली रिकामी मात्रा) कधी आली, सम (तालाची पहिली मात्रा) कधी येणार. म्हणजे नाट्यगीत ऐकताना तुम्ही तबल्याच्या भरवशावर बसलेले असता. कर्नाटकीत मृदंगम असा ठेका देतच नाही. तो गाण्याच्या शब्दाबरोबर, चालीबरोबर वाजतो, गाणं जिकडं वळलं तिकडं वळतो. ताल गायकाच्या आणि ऐकणाऱ्याच्या हातात असतो, खरोखर हातात, मांडीवर. तुमचा कान ठेका शोधून राहिला, तो सापडत नाही, म्हणून मन उठते. कंटाळा नाही हा, तुम्ही तिथं हरवून राहिले.

तर हे करा. आदि ताल शिका, पाच मिनिटांचं काम. आठ मात्रा. पहिल्या मात्रेला मांडीवर थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट अशा तीन मात्रा मोजायच्या, झाले चार. मग थाप आणि हात उलटा, पुन्हा थाप आणि हात उलटा, झाले आठ. त्यांची कितीतरी गाणी याच तालात आहेत. बसमध्ये मांडीवर हे चालू ठेवा आणि गाण्याकडं लक्षच देऊ नका सुरुवातीला, फक्त हात चुकू देऊ नका. दोन-तीन दिवसांत गाणं आपोआप हातावर येऊन बसते, माझ्या विद्यार्थ्यांवर करून पाहिलेलं आहे.

दुसरं म्हणजे राग ओळखीचा घ्या. आपला मालकंस म्हणजे त्यांचा हिंदोलम, भूप म्हणजे मोहनम, यमन म्हणजे कल्याणी. स्वर तेच, चालणं वेगळं. तुम्हाला स्वर "हलवलेले" वाटतात त्याला ते गमक म्हणतात, आपण एका स्वरावर टेकतो तिथं ते त्या स्वराला शेजारच्या स्वरापर्यंत झुलवतात. मालकंस आधी आपल्याकडचा ऐका, लगेच हिंदोलम ऐका, तेच घर पण दिवे दुसरे लावले आहेत असं वाटेल. हंसध्वनी तर तिकडूनच आला आपल्याकडं, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी आणला, आणि आता आपल्या कुठल्याही मैफलीत तो परका वाटत नाही.

आणि तुम्ही नाट्यगीतवाले आहात म्हणून एक आतली गोष्ट. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर मूळ चाल लिहिलेली असते, कुठल्या गाण्याच्या धर्तीवर बांधलं ते. तिथं कर्नाटकी चाली सापडतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं १८८० ला, ते स्वतः धारवाडकडचे. म्हणजे त्या पोराच्या आईचं गाणं तुमच्या बाबांच्या गाण्यात अगोदरच येऊन बसलेलं आहे.

---

नंदनवन_७७

मला वेगळं वाटते. दादा, तुम्ही दिवसभर मशीनच्या आवाजात असता, ते दोन तास तुमचे हक्काचे आहेत. जे आवडते ते ऐका. गाणं अभ्यास करून ऐकायची गोष्ट नाही, आवडलं तर आपोआप आवडते. त्या पोराला फक्त सॉरी म्हणा, मोकळे व्हा.

---

वाड्यातला_रेडिओ

नंदनवन, तुझं अर्धं म्हणणं मला पटतं हो. जबरदस्तीनं कान बदलत नाही, आणि त्याचं मोठं उदाहरण आपल्या देशात होऊन गेलं आहे. १९५२ मध्ये केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, मराठीच माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम. त्यांना वाटलं लोकांनी चांगलं ऐकावं, म्हणून आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास बंदच झाली. झालं काय, तर लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. माझे वडील सांगायचे, बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या वाड्यात बिनाका गीतमालेला इतकी माणसं जमत की चहाचं पातेलं दोनदा चढवावं लागे. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा कर्तव्य म्हणून ऐकू नका, मानेवाडावाले. तुम्ही रविवारी दार लावून बसलात ना, तिथंच ते कर्तव्य झालं.

पण "आवडलं तर आपोआप आवडतं" हे मात्र मला मान्य नाही. माझं वय ७१, मला स्वतःला कुमार गंधर्वांचं गाणं पंधरा वर्षं आवडलं नव्हतं. आमच्या घरी लांब दमसासाचं, भरदार गाणं म्हणजेच गाणं असं होतं, आणि हे मध्येच थांबतात, एवढीशी तान घेऊन सोडून देतात, मला ते अर्धवट वाटायचं. मग केव्हातरी वाचलं की १९४८ मध्ये क्षयामुळे ते देवासला येऊन राहिले, जवळपास पाच वर्षं गाणं बंद, खाटेवर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत असत, आणि परत गायला लागले ते अधू फुफ्फुसावर. हे वाचून एकदम आवडायला लागलं असं नाही झालं. पण मी त्यांच्या थांबण्याकडे लक्ष द्यायला लागले. सूर सोडल्यावर जी जागा रिकामी राहते तिच्यात तंबोऱ्यावर तो सूर अजून ऐकू येतो, आणि मग ते पुढचा सूर तिथून उचलतात. हे एकदा ऐकू आलं आणि मग त्यांचं एकही निर्गुणी भजन मी दुसरं काही काम करताना ऐकू शकले नाही, आजही भाजी चिरणं थांबतं. म्हणजे पंधरा वर्षं मी त्यांच्यात लांब तान शोधत बसले होते, जी तिथं नव्हतीच.

म्हणून मला वाटतं की अनोळखी गाण्यात आपलं नेहमीचं काय शोधतोय ते आधी ओळखावं. तिरकिटनी तुमच्याबाबतीत ते बरोबर धरलं आहे, तुम्ही ठेका शोधत होतात.

आणखी एक सांगते, माझा भाचा मस्कतला असतो, त्यानं मला इजिप्तच्या गायिका उम्म कुलसूम ऐकवल्या. भाषा कळत नाही, एकेक गाणं तासाभराचं, माझ्या मनात आलं की हे काही आपल्याला जमायचं नाही. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये समोरची माणसं ऐकू येतात! एखादी ओळ बाईंनी अशी काही म्हटली की लोक ओरडतात, पुन्हा म्हणा म्हणतात, आणि त्या तीच ओळ परत घेतात, दर वेळी वेगळी. अहो हे तर आपलं वन्स मोअर! बालगंधर्वांच्या नाटकात एकेका पदाला वन्स मोअर घेऊन नाटक पहाटेपर्यंत चालायचं, तेच हे. उम्म कुलसूम यांचा कार्यक्रम महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरो रेडिओवर लागायचा आणि सगळा अरब मुलूख ऐकायचा, कित्येक वर्षं. मी आता गाण्याकडे कमी आणि त्या लोकांकडे जास्त लक्ष देते, ते जिथं ओरडतात तिथं मागे जाऊन पुन्हा ऐकते की बाईंनी असं केलं तरी काय. त्यांच्या काही मकामांमध्ये, म्हणजे अरबी रागांमध्ये, आपल्या शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधला एक गंधार लागतो, पहिल्यांदा तो बेसूर वाटतो, महिनाभरानं त्याच्याशिवाय चैन पडत नाही.

---

बर्डी_ब्लूज

काकूंचं पोस्ट सेव्ह करून ठेवलं. मस्तच.

जॅझबद्दल मी सांगतो कारण मीही तिथंच अडकलो होतो, कॉलेजात मित्र ऐकायचे म्हणून मी मान हलवायचो आणि आतून काहीच पोचून नव्हतं राहिलं. मला कोणीतरी एक साधी गोष्ट सांगितली. जुन्या जॅझमध्ये बहुतेक वेळा आधी सगळे मिळून एक धून वाजवतात, मग एकेक जण पाळीपाळीनं आपलं मांडतो, शेवटी परत धून. पण मधल्या वेळात ती धून संपलेली नसते, तिचं चक्र तेवढ्याच लांबीचं आत फिरतच राहते, बेस आणि पियानो ते धरून असतात. म्हणजे आपलं आवर्तनच झालं न! तर करायचं काय की सुरुवातीची धून पाठ करून टाकायची, चांगली गुणगुणता आली पाहिजे, आणि कोणी सॅक्सोफोनवर कितीही लांब गेला तरी आपण मनातल्या मनात धून चालू ठेवायची. तो तिथून किती दूर गेला आणि कसा परत आला हे ऐकू यायला लागते. ब्लूजवर बांधलेलं काही घेतलं तर अजून सोपं, १२ बारचं चक्र, एका बारला चार मात्रा, बोटावर मोजता येते. माइल्स डेव्हिसचे १९५९ चे रेकॉर्डिंग घ्या सुरुवातीला, त्यात घाई नाही, एकेका स्वरमाळेवर ते लोक बराच वेळ राहतात, आपल्या रागाच्या कानाला ते लवकर जवळ येते.

आणि दुसरं, मी कधीही देश किंवा प्रकार धरून जात नाही, माणूस धरून जातो. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट, ते गिटारला तरफेच्या तारा लावून मोहनवीणा वाजवतात, ते मला आवडायचे. त्यांचा अमेरिकेच्या राय कूडरबरोबर अल्बम आला १९९३ ला, ग्रॅमी मिळालं त्याला. मग हा कूडर कोण म्हणून पाहिलं तर त्यानं पुढच्याच वर्षी मालीच्या अली फार्का तूरेबरोबर अल्बम केला होता. तो लावला आणि मी फुटाळा तलावावर गाडी थांबवली, खरंच थांबवली, बाजूला लावून पूर्ण ऐकलं. गिटार होतं पण मला एकदम आमच्या गावच्या भजनी मंडळाची आठवण आली, एकच ओळ, पाचच स्वर, गोल गोल, आणि माणूस त्यात शांत होत जाते. नायजर नदीच्या काठचा शेतकरी माणूस तो, आणि माझ्या वर्धा नदीच्या काठच्या गावासारखं वाजवून राहिला. माझ्याकडून जयपूर ते माली तीनच पायऱ्यांत झालं आणि एकाही पायरीवर मी पूर्ण अनोळखी जागी नव्हतो, मागच्या पायरीचा कोणीतरी सोबत होताच.

फक्त ॲपचं ऑटोप्ले बंद ठेवा. ते तुम्हाला फिरवून फिरवून तुमच्याच घरी आणून सोडते.

---

इंदोरा_चौक

सगळं वाचलं, मन लावून वाचलं. एक बोलतो, राग मानू नका, कोणावर आरोप नाही.

इथं मदुराई झालं, इजिप्त झालं, माली झालं. आपल्या नागपुरातच किती जणांनी भीमगीतं बसून ऐकली आहेत? मिरवणुकीत डीजेवर कानावर पडलेली मी धरत नाही. माझे वडील गायन पार्टीत गायचे, पेटी, तबला, कधी ढोलकी, मागं चार जण टाळ्या धरायला. कव्वालीच्या अंगानं चालायचं सगळं, समोरासमोर दोन पार्ट्या बसायच्या, एकानं सवाल टाकला की दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं, रात्र निघून जायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या आजीला बाबासाहेबांचं आयुष्य तारखांसकट पाठ होतं ते त्या गाण्यांतून. वामनदादा कर्डकांची गाणी घ्या, १९२२ चा जन्म, नाशिकच्या सिन्नरकडचे, गावोगाव फिरून लिहिलं आणि गायलं. शब्द इतके साधे असतात की पहिल्यांदा ऐकताना सोपं वाटते, तिसऱ्यांदा ऐकताना गळ्यात अडकते.

माझा ऑफिसमधला एक चांगला मित्र आहे, धृपद ऐकतो, जॅझ ऐकतो, जपानचं काय काय ऐकतो. वीस वर्षांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही की तुझे वडील काय गायचे. मला त्याचा राग नाही येत, पण वाईट वाटते. तुमच्या मदुराईच्या पोराला जे वाटलं असेल ते मला ओळखीचं आहे, त्याला इअरफोन परत घ्यावा लागला, मी कधी पुढंच केला नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर या. पुस्तकांच्या दुकानांसोबत गाण्यांची दुकानं असतात, लोक लांबून, रेल्वेनं, पायी आलेले असतात, रात्री मैदानात कुठं कुठं छोटे छोटे गट बसून गात असतात, माईक नाही काही नाही. तिथं उभं राहून ऐका.

---

तिरकिट_महाल

इंदोरा, बरोबर बोलले. मीही त्यातलाच, हे लिहायला जड जाऊन राहिलं. तबला शिकवतो आणि पार्टीतला तबला कधी जवळून पाहिला नाही. ताजबागच्या उर्समध्ये मात्र जातो दरवर्षी, तिथं कव्वालीला ठेका कसा वाढवत नेतात ते शिकण्यासारखं असते, टाळी हाच अर्धा ताल. वडिलांच्या पार्टीत टाळी कुठल्या मात्रेला होती? आठवत असेल तर सांगा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

ब्रह्मपुरीचा_पाहुणा

यात झाडीपट्टीही जोडा. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडं रात्रभर नाटकं चालतात, गाणी नट स्वतः स्टेजवर गातात, ऑर्गन-तबला समोर. मानेवाडा दादा, तुम्हाला नाट्यगीत आवडते म्हणता आणि संगीत नाटक आता पुस्तकात राहिलं असं समजून बसले असाल, तर थंडीत एक ब्लँकेट घेऊन या. ते संगीत नाटक तुमच्या ओळखीचं नाही, लावणी येते, सिनेमाची चाल येते, मध्येच अभंग येतो, पण हजारो माणसं पहाटेपर्यंत मांडवात बसून राहतात.

---

मानेवाडा_ते_बुटीबोरी

उशीर झाला उत्तर द्यायला, तीन आठवडे झाले. सगळं सांगतो.

आदि ताल शिकलो. पहिले चार दिवस बसमध्ये मांडीवर नुसता हात, खापरी येईपर्यंत चुकायचा, मग बुटीबोरीपर्यंत टिकायला लागला. हिंदोलम लावून ठेवला होता कारण मालकंस मला ओळखू येते. सहाव्या की सातव्या दिवशी एक गोष्ट झाली, गाणारी बाई एकच ओळ परत परत घेत होती, मला आधी हेच "सारखं" वाटायचं, पण हात चालू असल्यामुळं कळलं की दर वेळी ती ओळ त्याच मापात बसवून आत थोडं थोडं जास्त भरून राहिली आहे. पहिल्यांदा साधी, मग एक वळण, मग दोन, पाचव्यांदा तर ओळ फुलून गेली आणि तरी थापेवर बरोबर उतरली. माझ्या अंगावर काटा आला. काकू, तुमचं खरं आहे, मी तिथं तबला शोधून राहिलो होतो.

त्या पोरानं माझा हात पाहिला. काही बोलला नाही दोन दिवस, मग हळूच म्हणाला की सर, करंगळीपासून सुरू करा, तुम्ही मधल्या बोटापासून करता. मी त्याला सरळ सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं बोललो, मला ऐकताच येत नव्हतं. त्यानं मग त्याच्या आईचं आवडतं गाणं लावून दिलं, त्यागराजांची रचना, आणि मला त्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या ओळीला काय म्हणतात ते सांगितलं, संगती. आपल्या संगतीसारखाच शब्द. त्याच्याकडून एक कळलं जे मला माहीत नव्हतं, तंजावरला मराठी राजे असताना आपले कीर्तनकार तिकडं गेले आणि तिकडच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद अजून म्हणतात. कचेरीच्या शेवटी काही गायिका अभंगही गातात, अरुणा साईराम यांचा त्यानं ऐकवला. विठ्ठल तोच, गमक त्यांचं.

मग तो म्हणाला आता तुमचं ऐकवा. मी बाबांच्या आवडीचं नाट्यपद लावलं आणि खरं सांगतो, मला छातीत धडधडत होतं. तो मांडीवर हात धरायला लागला, थोड्या वेळानं थांबला, म्हणाला सर यात मला मोजायला काही ठेवलंच नाही, तबलाच सगळं सांगून टाकतो. मग म्हणाला पुन्हा लावा, या वेळी हात नाही, नुसता आवाज ऐकतो. तीनदा ऐकलं त्यानं ते बसमध्ये.

जॅझ अजून झालं नाही. धून पाठ करून राहिलो, बर्डी भाऊ, एवढं सांगू शकतो की आता ती धून मी घरी भांडी लावताना म्हणतो आणि बायको विचारते हे कुठलं.

इंदोरा भाऊ, तुमचं पोस्ट मी रात्री दोनदा वाचलं. मी दीक्षाभूमीपासून चार-पाच किलोमीटरवर राहतो, दसऱ्याला तिकडचा रस्ता टाळून जातो गर्दी असते म्हणून, आयुष्यभर हेच केलं. या वर्षी येतो. पोराला पण आणतो, त्यानं विचारलं यायचं का म्हणून. तुमच्या वडिलांच्या गाण्याची कॅसेट वगैरे काही असेल आणि तुमची हरकत नसेल तर ऐकायला आवडेल, तुमच्यासोबत बसून.

---

इंदोरा_चौक

कॅसेट आहे एक, १९९१ ची, घरघर आहे पण आवाज येतो. तिरकिट, टाळी दुसऱ्या आणि चौथ्याला होती, काल आईला विचारून खात्री केली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी या सगळे, त्या दिवशी हलायला जागा नसते. रहाटे कॉलनीकडून आत या, मी सातला तिथं उभा राहतो.